मेढ रोवली कुणी

आमच्या वस्तीत जमीन नव्हती. दगड होता, आणि त्याच्यावर कुणीतरी पसाभर माती सांडून गेले होते. समुद्रापारच्या बेटावर, फिनिक्स गावाच्या वरच्या अंगाला, उसाच्या मळ्याच्या कडेला मजुरांच्या झोपड्यांची एक ओळ होती. तिला सगळे ‘कां’ म्हणत. त्या कांवर कोंबडीने उकरले तरी नखाला दगड लागे. माझी आई कोथिंबीर लावी तीसुद्धा फुटक्या मडक्यात.

हे आधी सांगून ठेवतो. पुढे जे झाले त्यात माझी चूक किती आणि दगडाची किती, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

मी त्याच वर्षी शहरातल्या कॉलेजची शेवटची परीक्षा उतरून घरी आलो होतो. बेटावर आगगाडी अजून यायची होती. पोर्ट लुईहून चालत आलो, डोक्यावर पुस्तकांची पेटी घेऊन. आमच्या कांवरचा, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेजारच्या चार कांवरचाही, कॉलेजातून उतरलेला पहिला मुलगा मी. हे मी लाजत सांगत नाही. बाप अंगठा उठवणारा, आई तो अंगठाही बापाला विचारून उठवणारी. त्यांच्या पोटी येऊन मी लॅटिन शिकलो, फ्रेंच शिकलो, भूमिती शिकलो. फुशारकी वाटली तर वाटो. ज्याचा आजा शिकलेला असेल त्याने नम्र व्हावे, त्याला परवडते.

घरी आलो तो धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले. मुलगा पेती राफ्रेचा, म्हणजे बेटाच्या पार उत्तर टोकाचा, बैलगाडी हाकणारा. मागल्या हंगामात साखरेची पोती न्यायला आमच्या मळ्यावर आला होता, तेव्हा बहिणीने त्याला तांब्याभर पाणी दिले होते. बस, एवढेच. पण त्या एका तांब्यावर तिने नंतर आलेली दोन स्थळे परतवून लावली.

मुलाला बाप नव्हता. धाकट्या चुलत्याने त्याला वाढवले होते. हा चुलता घाटावरचा, सातारच्या बाजूचा. उंच, रुंद, आणि जे दिसेल ते हलवून बघायची सवय असलेला. बसायच्या आधी पाट हलवी, टेकायच्या आधी भिंत. सुपारी फोडायला आला तेव्हा त्याने आमच्या दाराची चौकट हलवून पाहिली आणि तिच्यातली वाळवी बाबांच्या पागोट्यावर पडली. खुंटा हलवून बळकट करणे अशी म्हण आपल्यात आहे. मला वाटते ती याच्याच घराण्यात निघाली असावी.

पण त्याला कारण होते. त्याच्या भावाच्या लग्नात, म्हणजे आमच्या या मुलाच्या आईबापांच्या लग्नात, मांडव वऱ्हाडावर कोसळला होता. पुढे मूल रांगायला लागते न लागते तोच तो भाऊ आंब्याच्या झाडावरून पडून गेला. मांडवाचे आणि आंब्याचे नाते या माणसाने तेव्हा जे जोडले ते काही केल्या सोडले नाही.

“मेढ हातभर खोल रोवल्याली पायजे,” तो बाबांना म्हणाला. मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. त्याला आंब्याचे डहाळे बांधायचे, हळदकुंकू लावायचे, पूजा करायची. बाकीचे खांब कसेही उभे राहोत. मेढ रोवायची असते.

“व्याहीबुवा,” बाबा म्हणाले, “आमच्याकडं खाली दगड हाय.”

“तुमी कोकनातली मानसं दगडाचंच सांगनार. नुस्ती उभी केलेली न्हाय चालायची. रोवल्याली! हळदीच्या आदल्या दिवशी म्या सोता येनार आन् हलवून बघनार. हलली, तर गाडी तशीच माघारी. लगीन न्हाय.” आणि हातभर म्हणजे किती, ते त्याने कोपरापासून मधल्या बोटापर्यंत दाखवले. हातही मेला लांब होता.

पेती राफ्रेची माती त्याच्या म्हणण्याप्रमाणे लाल आणि भुसभुशीत. बोट घातले तर कोपर आत जाई. तिथल्या माणसाला आमचे दुःख काय कळणार?

तो गेल्यावर बहीण माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “दादा, एवढी वर्सं कालेजात होतास ना? त्यातलं कायतरी काढ. मला हाच मुलगा पायजे.”

“त्यात काय काढायचं?” मी म्हणालो. “परवापर्यंत रोवून देतो.”

बाबा तंबाखू मळत होते. ते मान वर न करता म्हणाले, “बघ बाबा.”

मी बघितले. अंगणाचे मापून चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर खूण केली आणि पहार घेतली. पहिल्या खुणेवर घाव घातला, ठिणगी उडाली. दुसरीवर घातला, मोठी ठिणगी उडाली. शेजारची काकू कुडावरून बघत होती.

“माझी चूल विझली हाय रे,” ती म्हणाली. “शेणी घेऊन येऊ का तिकडं?”

सात ठिकाणी खणले. सर्वांत खोल गेलो तो चार बोटे. प्रत्येक वेळी आई दारातून विचारी, “काय लागलं?” आणि बहीणच क्रियोलीत, बेटावरच्या बोलीत, उत्तर देई, “रोश!” म्हणजे दगड. पुढे पुढे आईने विचारणे सोडले, पहार वाजली की दोघी एका सुरात “रोश!” म्हणत. मराठी बोलणाऱ्या बायकांनी क्रियोलीत माझी टिंगल करावी, याचा मला जास्त राग आला.

आठव्या खुणेवर पहार लोण्यात जावी तशी आत गेली. मी ओरडलो, “सापडली! जमीन सापडली!”

आई धावत आली. “अरे मेल्या, तो उकिरडा हाय! माझ्या पोरीचं लगीन उकिरड्यावर लावतोस?”

खरे होते. गोठ्याशेजारी वर्षानुवर्षे शेण आणि केरकचरा पडून तेवढा एक पट्टा मऊ झाला होता. तरी मी शास्त्र म्हणून फिलाओचा, म्हणजे सुरूचा एक वासा तिथे रोवून बघितला. हातभर काय, दोन हात आत गेला. आणि ताडी पिऊन घरी निघालेल्या माणसासारखा डुलू लागला. म्हणजे आमच्याकडे जिथे मेढ हलत नव्हती तिथे ती रोवता येत नव्हती, आणि जिथे रोवता येत होती तिथे ती हलत होती.

दुसऱ्या दिवशी मामा आले. नात्याने ते माझे मामा नव्हेत, बाबांचे जहाजभाई. एका जहाजातून जे आले ते भाऊ, असा आमच्या लोकांत रिवाज आहे, आणि सख्ख्या भावापेक्षा तो कडक पाळतात. मामा मूळचे रत्नागिरीकडचे खलाशी, आता बंदरावर शिडे शिवायचे काम करीत. मांडवावर घालायला त्यांनी एक जुने शीड आणले होते, आणि दोरांचे वेटोळे.

बाकीचे खांब उभे करायला काही अडचण नव्हती. आमच्या कांवर सगळे करतात तसेच केले: खांब दगडावर टेकवायचा, बुडाशी दगड रचायचे, आणि वरून दोर ताणून दूरच्या मोठ्या धोंड्याला बांधायचा. फक्त पूर्वेला, गोठ्याच्या अंगाला धोंडे नव्हते. तिथे मी मऊ पट्ट्यात तीन मेखा ठोकल्या. पद्धतशीर ठोकल्या. दोर ज्या दिशेला ओढतो त्याच रेषेत मेख असली म्हणजे ताण सरळ जाईल, असा विचार करून त्यांची डोकी मांडवाकडे झुकवली.

मामांनी मेखा बघितल्या. मग माझ्याकडे बघितले.

“भाच्या, ह्या मेखा मांडवाला नमस्कार का करतायत?”

मी काठीने मातीत आकृती काढली. हा दोर, हा कोन, ही मेख. मामांनी ती मन लावून बघितली, पायाच्या अंगठ्याने कोन चाचपून पाहिला आणि म्हणाले, “मेख दोराकडं पाठ करून बसली पायजे. रुसलेल्या सुनेसारखी. ओढाल तेवढी हटून बसते. हिला अशी ठोकलीस तर बोलावल्याबरोबर उठून येईल.”

“मामा, तुम्हाला गलबतातलं कळतं. हे जमिनीवरचं आहे.”

“व्हय बाबा,” मामा म्हणाले. “जमिनीवरचा वारा कालेजातून शिकून येत असेल.”

मी मेखा तशाच ठेवल्या. आज विचाराल तर सांगतो, मला तेव्हाही थोडी शंका आली होती. पण आकृती काढून झाली होती.

राहता राहिली मेढ. तिसऱ्या दिवशी बाबा मळ्यावरून लवकर आले. अंगणातले माझे सात खड्डे त्यांनी फिरून बघितले.

“हे कशाला? कोंबड्या पुरायच्या हायत?”

बाबा दाराजवळच्या खड्ड्यापाशी उकिडवे बसले, तळाच्या दगडावरून हात फिरवला. मग उठले आणि मळ्याच्या कडेला गेले. तिथे दगडांच्या राशी होत्या. बेटावर उसाच्या प्रत्येक शेतात असतात तशा. आमच्या मिस्येच्या, म्हणजे मळ्याच्या मालकाच्या शेतातले दगड वेचून त्या राशी ज्यांनी रचल्या त्यांत बाबा होते. एक दगड उचलून ते परत आले, तो ठेवला, पुन्हा गेले.

“काय करता?” मी विचारले.

“मेढ खाली जाईना. मग जमीन वर आणूया.”

आणि त्यांनी ती आणली. आधी छिन्नीने दगडात मेढेच्या बुडापुरती खोबण पाडली, त्यात मेढ बसवली. मग भोवती दगडांचे कडे रचायला घेतले. बाबा दगड हातात घेऊन एकदा फिरवीत आणि ठेवीत. ठेवलेला पुन्हा उचलत नसत. चुना नाही, चिखल नाही. वरचा दगड नेहमी खालच्या दोघांच्या सांध्यावर. आई आणि बहीण ओढ्याकाठची माती टोपल्यांनी आणीत होत्या; मीही आणली, पेटीपेक्षा जड होती. वीतभर माती पडली की बाबा पहारेच्या बुडाने ती ठोकीत, फटीत दगडाच्या पाचरी मारीत, मग पुढची वीत.

“किती उंच न्यायचं?” बाबांनी विचारले. “त्याचा हात केवढा होता?”

“माझ्या हातावर आणि चार बोटं,” बहीण म्हणाली. “मी दारामागून मोजला.”

कॉलेजात आम्हाला न मोजता येणाऱ्या उंच्या मोजायला शिकवले होते. दारामागून मोजायला शिकवले नव्हते.

चौथ्या दिवशी, उन्हे तापायच्या आत, चुलत्याची गाडी आली. शीड खांबांवर ताणलेले, मेढेला आंब्याचे डहाळे बांधलेले, हळदकुंकू लावलेले. तो उतरला. पाणी नको म्हणाला. मेढेपाशी गेला आणि कड्याभोवती एक फेरी मारली.

“हे काय?”

“मेढ,” बाबा म्हणाले. “हातभर रोवलेली. मोजून घ्या.”

“ही मेढ? ही तर कुंडी झाली! कुंडीत तुळस लावत्यात, मेढ न्हाय.”

“आत माती हाय, व्याहीबुवा. हातभर.”

“माती हाय. पन जिमीन कुठं हाय? जिमीन ती खाली!” त्याने पाय आपटला, खाली दगड होता, त्याला लागले, आणि त्याचाही राग आमच्यावरच निघाला. “गाडी जुंप रे!”

आई पदर तोंडात धरून उभी. दाराआड बहिणीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मला वाटले, आता आपण बोलले पाहिजे. घरात शिकलेला एकच आहे.

“काका,” मी म्हणालो, “आधी जमिनीची व्याख्या करू.”

“जिमिनीची काय करू?”

“व्याख्या. म्हणजे, जिच्यात वस्तू रोवता येते ती जमीन. आता या कड्यात—”

“व्याहीबुवा,” चुलता बाबांना म्हणाला, “ह्याला दुखतंय का कुठं?”

मामा तोंड फिरवून दोराशी खेळू लागले. बाबा हात जोडून पुढे झाले. “जायचं तर जावा. पण हलवून बघतो म्हणाला होता, तेवढं बघून जावा. शब्द दिला होता तुम्ही.”

हे त्याला लागले. शब्द दिला होता खरा. शिवाय एवढ्या लांब येऊन काहीच न हलवता परत जाणे त्याच्या जिवावर आले असावे. तो कड्यावर चढला, मेढेला दोन्ही हातांनी धरले आणि हिसडा दिला. मेढ हलली नाही. खांदा लावला. नाही. पागोटे सावरून, पाय दगडात रोवून त्याने पुन्हा खांदा लावला, त्याच्या कपाळाची शीर वर आली.

“आत दगड भरल्यात तुमी!” तो ओरडला.

“मग काय कापूस भरू?” बाबा म्हणाले.

नेमका तेव्हाच वारा आला. आमच्या त्या माळावर पूर्वेचा वारा रोज येतो, त्यात नवल नाही; पण त्या दिवशी तो जणू माझ्या तीन मेखांना बोलावण्यासाठीच आला. आणि मामा म्हणाले होते तसेच झाले. बोलावल्याबरोबर पहिली मेख उठली. मग दुसरी. तिसरी तर एवढ्या अदबीने बाहेर आली की मला अजून डोळ्यांपुढे दिसते. शीड गपकन फुगले, वर गेले, आणि पूर्वेची बाजू आख्खी उलटी होऊन चुलत्याच्या अंगावर आली. पागोटे उडून काकूच्या कुडावर गेले. शिडाखालून फक्त त्याचे दोन पाय दिसत होते, आणि ते कड्यावर टिकत नव्हते. त्याने मेढेला मिठी मारली. मांडवाचे दोन खांब आडवे झाले, दोर चाबकासारखे फटकारू लागले. मेढ तेवढी जागची हलेना, आणि चुलता तिला लोंबकळत होता.

दार उघडले. बहीण हातभर बाहेर आली आणि ओरडली, “काका, सोडू नका हां मेढ! पडली तर माझं लगीन मोडंल!”

होणाऱ्या सुनेने चुलतसासऱ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

शिडातून आवाज आला, “सोडतोय कशाला, पोरी! धरलीया! मरंन पन सोडनार न्हाय!”

“घट्ट धरा!”

“धरलीया म्हन्तो ना!”

मामांनी पश्चिमेचे दोर सपासप सोडले. शीड मेल्या माशासारखे खाली पडले. आम्ही धावत जाऊन चुलत्याला त्यातून काढले. त्याचे केस उभे, तोंडाला कुंकू, कानात आंब्याचे पान. मेढ त्याच्या मिठीत होती. ती सोडायची राहून गेली होती.

“हलली का?” त्याने धापा टाकत विचारले.

“नाय,” बाबा म्हणाले.

“जरा तरी?”

“केसभरसुदिक नाय.”

“कशी हलंल?” तो म्हणाला. “म्या धरली व्हती ना.”

मी तोंड उघडले. सत्य काय होते ते समोर होते: त्याने मेढेला धरले नव्हते, मेढेने त्याला धरले होते, आणि माझ्या बापाने एकेक दगड फिरवून ठेवला होता म्हणून धरले होते. बाबांनी माझ्या पायावर पाय दिला. त्याने मी थांबलो नसतो. पण दारातून बहीण माझ्याकडे बघत होती, हात जोडल्यासारखे डोळे करून. मी तोंड मिटले. शेवटच्या परीक्षेला मला तोंडी प्रश्न विचारले तेव्हा एवढा घाम आला नव्हता.

“असल्या वाऱ्यात,” चुलता कड्यावर बसून सांगू लागला, “एका मानसानं मांडव धरून ठिवायचा म्हंजे... भावाच्या टायमाला म्या लहान व्हतो. धरायला कुनी नव्हतं.” मग मेढेवर थाप मारली. “ही म्या रोवली. आता न्हाय पडायची.”

“तुम्हीच रोवली,” बाबा म्हणाले. “आम्ही नुसती उभी केली होती.”

माझ्या बापाला लिहिता येत नव्हते, एवढेच. बाकी त्याला सगळे येत होते.

चुलत्याने पाणी मागितले. गाडीवाल्याला बैल सोडायला सांगितले. मग तो अंगणातून फिरू लागला, आता सगळा मांडव त्याचाच होता. पूर्वेला येऊन त्याने पडलेली एक मेख उचलली.

“ह्या कुनी ठोकल्या?”

मामा दोर गुंडाळू लागले, बाबांनी तंबाखू काढली. आमचे लोक असे, की घरातल्या घरात फाडून खातील पण पाहुण्यापुढे नाव सांगणार नाहीत.

“मी,” मी म्हणालो.

“कालेजात शिकिवलं?”

“नाही. ते माझं मीच काढलं.”

त्यावर तो जो हसला तो थेट हळदीपर्यंत हसत होता. मेखा त्याने आणि मामांनी मिळून ठोकल्या, पाठमोऱ्या, रुसलेल्या. कोन कसा योग्य आहे ते मी मामांना नंतर आकृती काढून समजावले. माझे चुकले ते फक्त दिशेचे होते, हे मी अजूनही म्हणतो.

लग्न झाले. त्या मांडवाखाली कांवरची सगळी माणसे जेवली आणि प्रत्येक पंक्तीला चुलत्याने वारा सांगितला. पहिल्या पंक्तीला वाऱ्याने शीड उचलले होते, तिसऱ्या पंक्तीला गोठा उचलला होता. निघायच्या वेळी तो बाबांना म्हणाला, “व्याहीबुवा, मेढ म्या नेनार.”

“मेढ?”

“म्या रोवल्याली हाय. पोरीच्या दारात रोवतो. आमच्याकडं जिमीन हाय.”

मेढ काढायला बाबांना एकट्याला अर्ध्या दिवसाचा वेळ लागला असता. बाबा, मामा, मी आणि चुलता मिळून चौघे लागलो तेव्हा घटकाभरात निघाली. चुलता तेवढा वेळ “काय रोवलीया, काय रोवलीया!” म्हणत स्वतःचेच कौतुक करीत होता. फिलाओचा तो लांब वासा गाडीत उभा मावेना, आडवा मावेना. शेवटी पुढून मागून तिरका घातला, आणि तो वासा आणि गाडीचा कठडा यांच्या मधल्या जागेत बहीण बसली. नवरा गाडी हाकायला. आईने दोन वेळा तोंड धुतले.

गाडी मोका गावाच्या वाटेला लागली तेव्हा बहीण वळून बघत होती. रडत होती का हसत होती ते मला सांगता येणार नाही. मेढेला बांधलेले आंब्याचे डहाळे नेमके तिच्या तोंडापुढे आले होते, आणि चुलता ते कुणाला काढू देत नव्हता.